भाच्यालाच बोलू द्या

प्रश्न : माझा भाचा स्वमग्न आहे. वरूडजवळच्या संत्रा प्रतवारी केंद्रावर तो नोंदी ठेवतो. सहकाऱ्यांना स्वमग्नता समजावून सांगायला मालक अमरावतीहून डॉक्टर बोलावणार आहेत. भाचा म्हणतो, मीच बोलतो. त्याला बोलू द्यावं का?
– एक मावशी, वरूड

उत्तर : ताई, जरूर बोलू द्या. डॉक्टर लक्षणं सांगतील. पण यंत्राच्या खडखडाटात हाक का ऐकू येत नाही, हे तोच सांगू शकेल. समजा, ‘जरा बघून घे’ म्हटलं की तो अडतो. ‘चार वाजेपर्यंत मोठ्या फळांचे तीस क्रेट वेगळे ठेव’ म्हटलं की काम चोख होतं. असं एक उदाहरण मुकादमाच्या कायमचं लक्षात राहील.

ब्रिटनमधले स्वमग्न अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं, की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. म्हणून शिकायचं सहकाऱ्यांनीही. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण ठेवावं लागतं. मालकांना हे जरूर सांगा.

मात्र स्वतःबद्दल किती सांगायचं, हे त्यानेच ठरवावं. औषधं, बालपण, लग्न यांवर प्रश्न नकोत. प्रश्न आदल्या दिवशी लिहून मागवा. उभं राहून बोलणं जड जात असेल तर लिहून आणलेलं वाचू द्या किंवा आधी ध्वनिमुद्रित करा. तो स्वतःपुरतंच बोलतोय, सगळ्या स्वमग्नांच्या वतीने नाही, हेही सुरुवातीलाच सांगा. आणि डॉक्टरांना मानधन देणार असतील, तर त्यालाही द्यायला हवं.