एक चावी, अनेक कुलपे



आमच्या शाळेतील सातवीचा एक विद्यार्थी गळ्यातल्या दोरीला चाव्यांचा जुडगा अडकवून येत असे. त्याचे आईवडील दोघेही मंजुसरच्या जी.आय.डी.सी.त कामाला जातात व संध्याकाळी परततात. शाळा सुटल्यावर घर उघडण्याचे काम या मुलाकडे. फाटक, जाळीचा दरवाजा, मुख्य दरवाजा आणि मागचा दरवाजा अशा चार चाव्या, आणि दिसायला चारही सारख्या. घरात आजी एकट्या असत. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला लागू नये म्हणून मंडळी बाहेरून कुलूप लावून जात. एके दुपारी आजी न्हाणीघरात घसरून पडल्या. मुलाला बाहेर त्यांची हाक ऐकू येत होती, पण घाबरलेल्या हाताला योग्य चावी सापडेना. शेवटी शेजारचे काका धावत आले आणि एकेक चावी लावून त्यांनी दार उघडले. सुदैवाने आजींना मोठी इजा झाली नव्हती.

वडिलांनी लगेच चारही ठिकाणी एकाच चावीने उघडणारी कुलपे बसवून घेतली. सर्वांना हायसे वाटले. पण तीन-चार महिन्यांनी ती चावी मुलाच्या दप्तरातून कुठेतरी पडली. चावीला प्लास्टिकची चिठ्ठी होती आणि तिच्यावर नाव व घर नंबर लिहिलेला! वडील आमच्याकडे आले व म्हणाले, “सर, आमचं आधी चुकलं की नंतर?”

त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांना तेव्हा थोडक्यात दिले. ते सर्वांच्या उपयोगाचे असल्याने येथे सविस्तर देत आहोत. पुस्तकी मराठीत किल्ली म्हणतात, पण गुजराती शेजारात राहून आपल्या सावलीत चावी हाच शब्द रुळला आहे. आम्हीही तोच वापरतो.

कुलपाच्या पोटात काय असते?

दातेरी चपट्या चावीचे कुलूप आपण रोज पाहतो. त्याच्या आत एक फिरणारे पितळी नळकांडे असते. नळकांड्यात आणि त्याच्या बाहेरच्या कवचात समोरासमोर पाच किंवा सहा बारीक भोके असतात. प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग असते. चावी नसताना वरची पिन अर्धी कवचात व अर्धी नळकांड्यात अडकते. त्यामुळे नळकांडे फिरत नाही. योग्य चावी आत गेली की तिच्या खाचा प्रत्येक पिन बरोबर हवी तेवढीच उचलतात. दोन पिनांचा सांधा नळकांड्याच्या कडेशी जुळतो. सर्व सांधे एका रेषेत आले की चावी फिरते. एकही पिन केसभर वर किंवा खाली राहिली तर कुलूप उघडत नाही.

ही कल्पना फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची अशी कुलपे होती. धातूच्या चपट्या चावीचे आजचे रूप अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी १८६० च्या दशकात सिद्ध केले. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईच्या लालबाग भागात कुलपांचा कारखाना सुरू केला. अलीगढ तर कुलपांचे शहर म्हणूनच ओळखले जाते. तमिळनाडूतील दिंडिगलच्या कुलपांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

एकच चावी कशी होते?

आता उत्तर सोपे आहे. चावीच्या खाचा म्हणजे पिनांच्या लांबीचे मोजमाप. चारही कुलपांत त्याच लांबीच्या पिना त्याच क्रमाने घातल्या तर चारही कुलपे एकाच चावीने उघडतील. यात कुलूप कमजोर होत नाही. प्रत्येक कुलूप पूर्वीइतकेच मजबूत राहते.

मात्र एक अट आहे. चावी आत शिरण्याची फट प्रत्येक कंपनीची निराळ्या आकाराची असते. म्हणून साधारणपणे एकाच कंपनीची, एकाच जातीची कुलपे घ्यावी लागतात. नवीन घेताना दुकानदाराला “एकाच चावीची कुलपे द्या” असे स्पष्ट सांगावे. दारात बसवलेल्या जुन्या कुलपाचे नळकांडे काढून जाणकार कारागीर पिना बदलू शकतो. परंतु कडीला लटकवायची अनेक कुलपे रिबेट मारून कायमची बंद केलेली असतात. ती उघडून बदलण्यापेक्षा नवी घेणेच बरे.

थोडे गणित

विद्यार्थ्यांनो, समजा कुलपात ५ पिना आहेत व प्रत्येक पिनेच्या ६ वेगवेगळ्या लांबी शक्य आहेत. तर एकूण चाव्या किती प्रकारच्या होतील? ६ × ६ × ६ × ६ × ६ = ७,७७६. (प्रत्यक्षात थोड्या कमी, कारण अति खोल खाचेशेजारी अति उथळ खाच करता येत नाही.)

आता घराचे गणित पाहू. कुलपे ४ व माणसे ५ असतील, तर प्रत्येकाकडे प्रत्येक कुलपाची चावी द्यायला ४ × ५ = २० चाव्या लागतात. एकच चावी केली तर फक्त ५. ही झाली सोय. पण २० पैकी एक हरवली तर एक कुलूप बदलावे लागते. ५ पैकी एक हरवली तर चारही कुलपांच्या पिना बदलून पाच नव्या चाव्या कराव्या लागतात. सोय चौपट झाली, तशी हरवण्याची किंमतही चौपट झाली. व्यवहारात दोन्ही बाजू मांडाव्यात.

मास्टर चावी निराळी

अनेक पालक या दोन गोष्टींची गल्लत करतात. लॉजमध्ये प्रत्येक खोलीची चावी वेगळी असते, पण व्यवस्थापकाची एक चावी सर्व खोल्या उघडते. ती मास्टर चावी. यासाठी दोन पिनांच्या मध्ये एक चकती जास्त घालतात. त्यामुळे त्या भोकात एकाऐवजी दोन सांधे तयार होतात. एक सांधा खोलीच्या चावीने जुळतो, दुसरा मास्टर चावीने.

पण पाचही भोकांत असे दोन-दोन सांधे असतील तर २ × २ × २ × २ × २ = ३२ निरनिराळ्या चाव्यांनी ते कुलूप उघडेल! बनवणाऱ्याला हव्या होत्या दोन, मिळाल्या बत्तीस. अमेरिकेतील संशोधक मॅट ब्लेझ यांनी २००३ साली दाखवून दिले, की अशा व्यवस्थेतील एक साधी चावी आणि तिचे कुलूप हाती असेल, तर थोड्या कोऱ्या चाव्या घासून मास्टर चावी शोधून काढता येते. म्हणून घराला मास्टर चावीचा मोह नको. समान चावी पुरेशी आहे.

चावी हरवली तर?

पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडाराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. २०१८ साली तपासणीच्या वेळी आतल्या दालनाची चावी मिळाली नाही. अखेर १४ जुलै २०२४ रोजी त्या दालनाची कुलपे तोडून ते उघडावे लागले. एवढ्या मोठ्या देवस्थानात चावीचा हिशेब राहिला नाही, तर आपल्या घरात तो आपोआप कसा राहील?

दुसरी गोष्ट फोटोंची. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी सुमारे ६० मीटर अंतरावरून काढलेल्या छायाचित्रावरून चावीच्या खाचा ओळखून तशीच चावी करता येते हे सिद्ध केले. नव्या घराची चावी हातात धरून मोबाईलवर फोटो पाठवण्याची हौस आता पुष्कळांना असते. ती आवरावी.

पालकांसाठी पाच सूचना

१. घरातल्या माणसांनीच उघडायची दारे समान चावीत घ्यावीत. ज्या दाराची चावी घरकामाच्या ताईंना, भाडेकरूला किंवा दूधवाल्याला द्यावी लागते, ते दार त्यात घेऊ नये.

२. दागिने, कागदपत्रे व औषधे यांच्या कपाटाची चावी वेगळीच ठेवावी.

३. चावीवर नाव-पत्ता कधीही लिहू नये. ओळखीसाठी रंगीत दोरा पुरे.

४. किती चाव्या केल्या व कोणाकडे आहेत हे वहीत लिहावे. एक जादा चावी विश्वासू नातलगाकडे ठेवावी. पायपुसण्याखाली किंवा तुळशीच्या कुंडीत नको.

५. माणूस आत असताना बाहेरून कुलूप लावून जाऊ नये. लावावेच लागले, तर आतल्या माणसाला उघडता येईल असे कुलूप व हाताशी चावी असावी. आग किंवा अपघात सांगून येत नाही.

विश्वस्त मंडळाला विनंती

शाळेच्या सर्व खोल्यांना एकच चावी करावी अशी सूचना पुढे आली आहे. शिपाईबंधूंचा त्रास वाचेल हे खरे. आमचे नम्र मत असे, की वर्गखोल्यांना एक समान चावी करावी. कार्यालय, प्रयोगशाळा व संगणक कक्ष यांची कुलपे स्वतंत्र ठेवावीत. प्रयोगशाळेत आम्ल असते, कार्यालयात मुलांचे दाखले असतात. चावी देताना-घेताना रजिस्टरमध्ये सही व्हावी, आणि ती सही प्रधानाचार्यांनीही करावी.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. आधी चुकले ते आजींना आत ठेवून बाहेरून कुलूप लावण्यात. नंतर चुकले ते चावीला पत्ता बांधण्यात. एक चावी करण्यात काहीच चुकले नव्हते. त्यांनी चारही कुलपांच्या चाव्या बदलून घेतल्या. या वेळी घराच्या तीन दारांना एक चावी आहे, फाटकाला दुसरी. आजींच्या पलंगाजवळ खिळ्याला एक चावी टांगलेली आहे. मुलाच्या गळ्यात आता निळ्या व लाल दोऱ्याच्या दोनच चाव्या असतात. दार उघडले की तो आधी आजींना हाक मारतो, मग दप्तर ठेवतो.

स्वाध्याय

१. ६ पिना व प्रत्येकी ५ लांबी असतील तर किती प्रकारच्या चाव्या होतील?

२. त्यांपैकी ३ भोकांत जादा चकती घातली तर ते कुलूप किती चाव्यांनी उघडेल?

३. आपल्या घरातील कुलपे व चाव्या मोजा. कोणती दारे समान चावीत घ्यावीत याची यादी आईवडिलांसोबत बसून करा. यादी घरीच ठेवा, शाळेत आणू नका.