पावलं हवीत, संगीत नको?

प्रश्न : आम्ही अजमानला अल नुऐमियात राहतो. मुलगा दहावीत आहे. शुक्रवारी शाळा लवकर सुटली की त्याची मोबाइलवर पब्जी सुरू. गेममधलं संगीत त्याने कायमचं बंद करून ठेवलंय, बाकीचा आवाज मात्र पूर्ण आणि कानांवर हेडफोन. बायको लुडो खेळते, तीही आवाज बंद करून. मी लहानपणी टीव्हीला डबा जोडून मारिओ खेळायचो, त्याची धून अजून माझ्या तोंडात आहे. हल्लीच्या खेळणाऱ्यांना गेममधल्या संगीताची, आवाजाची काही किंमत आहे का? नसेल तर कंपन्या त्यावर पैसा कशाला घालवतात?
– एक वाचक, अजमान

उत्तर : तुमच्या प्रश्नाची तीन उत्तरं तुमच्याच घरात राहतात आणि तिन्ही खरी आहेत. घोळ होतो तो आवाज आणि संगीत एकाच खात्यात टाकल्यामुळे. गेमच्या सेटिंगमध्ये या दोघांच्या पट्ट्या वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, त्या उगाच नाहीत. दोघांची कामं निराळी आहेत आणि एक बंद करणारा माणूस कित्येकदा दुसऱ्यासाठीच ते करत असतो.

आधी चिरंजीव. पब्जीत साधारण शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. समोर दिसणाऱ्या शत्रूचं काही वाटत नाही. भीती असते ती भिंतीपलीकडच्याची. त्याची खबर मुख्यतः पावलांवरून लागते. लाकडी फरशीवरची पावलं वेगळी वाजतात, गवतातली वेगळी, पाण्यातली आणखी वेगळी. सरावलेला मुलगा पडद्यावर कुणी नसतानाही सांगतो, ‘डावीकडच्या खोलीत एक जण आहे.’ आपल्याला ती जादू वाटते.

जादू नाही, दोन कानांचा हिशेब आहे. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. शिवाय मध्ये आपलंच डोकं आडवं येतं, त्यामुळे उजव्या कानाला तो जरा मंद ऐकू येतो. मेंदू या दोन फरकांवरून दिशा ओळखतो. हेडफोन दोन कानांना दोन वेगळे आवाज देऊन हेच फरक कृत्रिमपणे तयार करतात. फोनच्या स्पीकरवर सगळा आवाज दोन्ही कानांत मिसळून जातो, म्हणून चिरंजीवांना हेडफोनशिवाय चालत नाही.

आता संगीताचा अडथळा कुठे येतो पाहा. मोठा आवाज आपल्या आसपासच्या स्वरपट्टीतल्या बारीक आवाजाला गिळून टाकतो. पार्श्वसंगीत चालू असेल, तर गवतातली सळसळ त्यात बुडणारच. हे गेम बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. पब्जीत संगीत वाजतं ते सामना सुरू होण्याआधीच्या लॉबीत. बेटावर उतरल्यावर पार्श्वसंगीत जवळजवळ नसतंच. म्हणजे मुलाने बंद केलंय ते बव्हंशी लॉबीतलं, आणि त्याला पाच मिनिटं वाट पाहताना तेच तेच ऐकायचा कंटाळा आला असेल तर त्यात नवल नाही. तुम्ही म्हणता त्याला आवाजाची किंमत नाही; मला तर घरात सगळ्यात जास्त त्यालाच आहे असं दिसतं.

आवाजात किती माहिती भरलेली असते हे ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याकडून जास्त स्पष्ट कळतं. फोर्टनाइट या गेममध्ये आवाज चित्राने दाखवण्याची सोय आहे : पावलं, गोळीबार, जवळची पेटी कुठल्या दिशेला आहे, हे पडद्यावर खुणांनी उमटतं. ही सोय नसेल तर कर्णबधिर खेळाडू अर्ध्या माहितीवर खेळत राहील. उलट बाजूही आहे. २०२० साली आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये ध्वनिसंकेतांची इतकी बारकाईने आखणी केली आहे की पूर्ण अंध खेळाडूंनीही तो गेम शेवटपर्यंत खेळून दाखवला.

आता वहिनींचा लुडो. तो लुडो किंग असेल तर मूळचा आपल्या नवी मुंबईचा. गेमेशन या कंपनीने २०१६ साली आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. लुडोतल्या आवाजात बातमी काहीच नसते. फाशावर किती पडले ते डोळ्यांना दिसतंच. तिथे आवाज पोचपावतीचं काम करतो. बोट काचेवर टेकतं, काच हलत नाही, फाशाला वजन नाही. फासा आपणच टाकला असं वाटायला त्या खुळखुळाटाचाच आधार. खोटं वाटत असेल तर वहिनींचा फोन घ्या, आवाज चालू करून थोडा वेळ खेळा, मग बंद करून खेळा. बंद केल्यावर फासा तुम्ही टाकण्याऐवजी यंत्रच टाकतंय असं वाटू लागेल.

मग त्या आवाज बंद का ठेवतात? बहुधा मुलगा अभ्यासाला बसलेला असतो, म्हणून. त्या माहेरच्यांशी खेळत असतील, तर भारतातलं घड्याळ तुमच्यापेक्षा दीड तास पुढे असल्याने ती मंडळी जेवण उरकून डाव मांडतात तेव्हा अजमानात ऐन अभ्यासाची वेळ असते. तुमच्याकडे अशी माणसं कितीतरी. रोज दुबईला जाणाऱ्या बसमध्ये बसलेला, किंवा बेडस्पेसच्या खोलीत तिघं झोपलेले असताना चौथ्या पलंगावर जागा असलेला, कोण फोनचा आवाज मोठा ठेवील? तिथे आवाज बंद करणं हा शेजारधर्म आहे, आवडीनिवडीचा कौल नाही. मोबाइल गेम बनवणारे हे धरूनच चालतात. त्यामुळे आवाज नसला तरी अडू नये अशी रचना ते करतात : सोंगटी मारली की चमक, फोनची थरथर, उड्या मारणारी चित्रं. घरी मोठ्या टीव्हीसमोर बसून खेळायच्या गेमला एवढी खबरदारी घ्यावी लागत नाही.

राहिलं संगीत, म्हणजे तुमचा मारिओ. गेमचं संगीत आणि सिनेमाचं पार्श्वसंगीत एकच, असा एक समज आहे. सिनेमात नायिका दार कितव्या सेकंदाला उघडणार हे संगीतकाराला आधीच माहीत असतं. गेममध्ये दार उघडणारे तुम्ही. तुम्ही दोन सेकंदांत उघडाल, नाहीतर चहा करायला उठाल आणि दार पंधरा मिनिटं तसंच राहील. संगीताला दोन्हींसाठी तयार असावं लागतं. मैफलीत पेटीवर साथ करणारा जसा गायक कुठे वळेल याचा अंदाज घेत मागे राहतो, तसं हे काम आहे; फरक एवढाच की इथे साथ आधी ध्वनिमुद्रित झालेली असते आणि गायक नंतर येतो.

हे जमवायच्या युक्त्या जुन्या आहेत. सिटी सेंटर अजमानच्या मॅजिक प्लॅनेटमध्ये मुलाला घेऊन गेला असाल तर तिथला कलकलाट आठवा. पैसे टाकून खेळायचं यंत्र रिकामं असलं तरी स्वतःशीच वाजत असतं. गिऱ्हाइकाला हाक मारणं हे आवाजाचं पहिलं कामच होतं. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीचा ‘स्पेस इनव्हेडर्स’ अशाच यंत्रांवर आला. त्यात फक्त चार खर्जातले स्वर एकामागोमाग वाजत राहतात. शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने सरकतात आणि ते चार स्वरही वेग घेतात. खेळणाऱ्याचे हात घामेजतात, पण संगीतामुळे हे होतंय हे त्याच्या ध्यानात येत नाही.

तुमच्या १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये संगीतकार कोजी कोंडो यांनी तेच जास्त उघडपणे केलं. वरच्या कोपऱ्यातला वेळ शंभराच्या खाली गेला की एक छोटा इशारा वाजतो आणि तीच धून दौडत सुटते. आकड्याकडे न पाहताही तुमचा अंगठा बटणावर घट्ट व्हायचा, आठवतंय? पुढे १९९१ साली ‘मंकी आयलंड टू’मध्ये लुकासआर्ट्सच्या मंडळींनी अशी व्यवस्था केली की एका खोलीतून दुसरीत गेलात की धून न तुटता दुसऱ्या धुनेत मिसळते. आजच्या गेममध्ये एकाच रचनेचे अनेक थर असतात. शांतपणे चालताना फक्त तंतुवाद्यं, शत्रूची चाहूल लागली की खाली ढोल जोडला जातो, संकट टळलं की ढोल अलगद निघून जातो. कानाला जोड कळत नाही.

‘त्या काळात नुसतं टिकटिक संगीत होतं, तरी लक्षात राहिलं, आताच्या संगीतात दम नाही,’ असंही तुमच्या पिढीकडून ऐकू येतं. टिकटिक होती हे खरं. तुम्ही खेळलात तो डबा बहुधा निन्टेन्डोची नक्कल असणार. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मुख्यतः त्याच होत्या. मूळ यंत्रात आवाजाच्या पाच वाटा : तीन सुरांच्या, एक खरखरीची आणि एक छोट्या ध्वनितुकड्यांची. तोफ उडाली की त्यातलीच एखादी वाट संगीताकडून काढून घ्यावी लागे. वाद्यवृंद शक्यच नव्हता, म्हणून सगळा भार चालीवर. चाल लहान, ती सारखी फिरून येणार, आणि तुम्ही एकाच पातळीवर तीसदा मरणार. इतक्या वेळा ऐकलेली धून न विसरण्यात कोंडो यांच्या प्रतिभेइतकाच तुमच्या मरण्याचाही वाटा आहे.

मात्र पुनरावृत्ती हेच खेळाडूने संगीत बंद करण्याचं सर्वांत मोठं कारण आहे, आणि इथे मी खेळाडूच्या बाजूचा आहे. फुकटातल्या कितीतरी मोबाइल गेममध्ये अर्ध्या मिनिटाची गोड गोड धून न थांबता फिरत असते. ती बंद करणं हे सुदृढ मनाचं लक्षण मानायला हरकत नाही. ‘माइनक्राफ्ट’चं संगीत यावर चांगला तोडगा काढतं. डॅनियल रोझेनफेल्ड यांचे पियानोचे शांत तुकडे मध्येच कधीतरी वाजतात, मग कित्येक मिनिटं नुसती कुदळ, पाऊस आणि गाईगुरं. संगीत पुन्हा आलं की बरं वाटतं.

कंपन्या पैसा का घालवतात, याला पुण्याचं उदाहरण देतो. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या चमूने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० साली आणला. गोलू या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली राजी, वाटेत किल्ले, हवेल्या, दुर्गा आणि विष्णू यांचा संवाद. २०१७ मधली त्यांची लोकवर्गणीची मोहीम अपुरी पडली होती, पैशाची ओढाताण होती. तरीही त्यांनी लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराकडून गेमसाठी स्वतंत्र संगीत करून घेतलं. बाजारात तयार मिळणाऱ्या धुना त्याहून स्वस्त पडल्या असत्या. पण त्या कुठल्याही किल्ल्याला चालतात, म्हणून यांच्या किल्ल्याला चालल्या नसत्या. चित्रातली हवेली खरी वाटायला तिथली हवाही ऐकू यावी लागते.

खेळाडूंना याची कदर आहे का, हे गेम बंद झाल्यावर पाहावं. जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या संगीताची मैफल १९८७ सालीच झाली होती, तिकीट काढून लोक गेले, खेळायला काही नसताना. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनात खेळाडूंचं संचलन गेमच्या संगीतावर झालं. ‘सिव्हिलायझेशन फोर’मधल्या ‘बाबा येतू’ या स्वाहिली गाण्याला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं आणि २०२३ पासून गेमच्या संगीतासाठी वेगळं ग्रॅमी दिलं जातं. त्याच वर्षी तुमच्या मारिओची धून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. गेमचं संगीत त्या यादीत जाण्याची ही पहिली वेळ. २०२५ मध्ये माइनक्राफ्टही तिथे पोचलं.

आता तुम्ही न विचारलेलं एक. पावलं ऐकू यावीत म्हणून मुलगा आवाज पूर्ण ठेवतो, पण पावलं आणि बंदूक एकाच पट्टीवर असतात. सळसळ स्पष्ट ऐकू येईल एवढा आवाज ठेवला की गोळीबार थेट कानाच्या पडद्यावर होतो. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ७५ डेसिबलचे ४० तास एवढी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा, असा त्यांचा सोपा सल्ला आहे. या शुक्रवारी त्याचे हेडफोन हातभर लांब धरून पाहा. तेवढ्या अंतरावरूनही गोळीबार स्पष्ट ऐकू येत असेल, तर पट्टी खाली आणायला सांगा. संगीत बंद ठेवलं तर ठेवू द्या.