थोरला पाहील, पण कागद कर

तुझा लेक येत्या चैत्रात अठराचा होईल, म्हणून आत्ताच बोलते. अठरापर्यंत तू नि भाऊजी त्याचे पालक, ते आपोआप. त्यानंतर कायद्याच्या लेखी तो सज्ञान, मग तो अजून गाडीचा भोंगा ऐकला की फाटकाकडे धावत असला तरी. बँकेत नि रजिस्ट्री ऑफिसात ‘मी त्याची आई’ एवढ्यावर भागणार नाही.

त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता, एवढ्यांनाच तो लागतो. इर्विन दवाखान्यातल्या प्रमाणपत्रावर त्याचं नाव नि निदान नीट आहे ना, ते आधी बघ. मग अर्ज अमरावतीला, स्थानिक स्तर समितीकडे. तिच्यात कलेक्टर, एका नोंदणीकृत संस्थेचा माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. ही समिती कायदेशीर पालक नेमते. आधी तुम्ही दोघंच व्हा, पण तुमच्यामागे कोण, हे आत्ताच ठरवा.

नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब. लोकांना हा जाच वाटतो. मला विचारशील तर अख्ख्या कायद्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. आपल्याकडे कसं होतं, तू पाहिलंयस. थोरला म्हणतो, ‘त्याले कायले पायजे वावर? मी आहो ना पाहाले!’ बापाचे डोळे भरून येतात आणि सगळं वावर थोरल्याच्या नावावर चढतं. थोरला वाईट नसतो गं. पण सोयाबीन बुडतं, सोसायटीचं कर्ज थकतं, नातवाच्या कॉलेजची फी येते, आणि धाकट्याचा घास कशातून काढायचा हा प्रश्न दरवर्षी नव्यानं उभा राहतो. धाकट्याचं वावर वेगळं असेल नि त्याचा मक्ता त्याच्याच खात्यात येत असेल, तर सांभाळणाऱ्यालाही मिंधं वाटत नाही.

‘असल्याले वारसा नसते’ असं कुणी म्हणालं तर खुशाल हसून सोड. व्यंगामुळे कुणाचा वारसाहक्क जात नाही, हे हिंदू वारसा कायद्यात १९५६ पासून लिहिलेलं आहे. हक्कसोडीवर त्याचा अंगठा घ्यायला मात्र कुणी नेलं तर घरात काहूर माजलं तरी चालेल, जाऊ देऊ नकोस.

मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांसमोर, आणि जमलं तर रजिस्टरही. सांभाळणारा एक नि पैसा धरणारा दुसरा असला तर उत्तम. वकिलाला खासगी ट्रस्टचं विचार. निरामय विम्यात लाखभराचा दवाखाना बसतो, तोही काढ.

ज्यांना कुणीच नाही त्यांचं काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यात दिसतं. वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बालगृहाची मुदत अठराला संपते. मतिमंद पोरगी अठराव्या वाढदिवसाला जायची कुठे? अशांना तिथेच राहू द्या, तसा कायदा करा, असं ते कित्येक वर्षं सरकारला सांगत आलेत. तुझ्या लेकाला माणसं आहेत, तर ती कागदावर येऊ देत.

मोठ्या लेकीला पालक करायचं मनात असेल तर जावयासमोर विचार. तिचं एकटीचं ‘हो’ पुरत नाही. आणि एक वही घाल: गोळी कोणती, किती वाजता, वरणात टोमॅटो दिसला की ताट ढकलतो, न्हाव्याच्या मशीनला भितो, कात्री चालते. हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

भाऊजी २००५ च्या आधी सरकारी नोकरीला लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन जन्मभर मिळतं, पण त्याची नोंद ते असतानाच झालेली बरी. सेवापुस्तकाची झेरॉक्स काढून ठेव, रविवारी येते तेव्हा बघू.