काळजी कुणाची, भोग कुणाला

पोरी, आता तू बातम्या लिहायला लागलीस, तर एक लक्षात ठेव. काळजी नसणं सांगणारे शब्द मराठीत ढीगभर आहेत. त्यातला एक उचलण्याआधी बघ, काळजी घ्यायची कुणी होती आणि न घेतल्याचं भोगावं लागलं कुणाला?

कुणालाच काही भोगावं लागत नसेल, तर निश्चिंत किंवा निर्धास्त. कर्ज फिटलं की माणूस निश्चिंत होतो. निर्धास्त व्हायला बहुधा दुसऱ्याचा शब्द लागतो. 'निर्धास्त जा, पोरं आमच्याकडे आहेत,' असं शेजारीण म्हणते. बिनधास्तची घडणही तीच, पण त्यात मुंबईच्या बोलीचा डौल आहे. चंद्रकांत कुलकर्णींच्या १९९९च्या 'बिनधास्त' सिनेमाला 'निर्धास्त' नाव शोभलंच नसतं.

बेफिकीर माणूस बहुतेक वेळा स्वतःचंच नुकसान करून घेतो, म्हणून त्याच्याबद्दल मायेनेही लिहिता येतं. बेपर्वा म्हटलंस की दुसऱ्याच्या जिवाशी गाठ. बेदरकार त्याहून जहाल. त्याला कळत असतं, तरी तो जुमानत नाही. सिग्नल तोडून भरधाव गेलेला ट्रकवाला बेदरकार. हँडब्रेक लावायचा राहिला आणि टेम्पो उतारावरून घरंगळला, तर चालक निष्काळजी. या दोघांना एकाच शब्दात कोंबू नकोस गं. एकाच्या मनात मग्रुरी होती, दुसऱ्याच्या नव्हती, आणि छापून आलेला शब्द गावात जन्मभर चिकटतो. पोलिसांच्या कागदात 'हयगयीने व निष्काळजीपणे' ठरलेलं असतं. ते जसंच्या तसं उतरवण्याआधी घडलं काय ते विचार.

हलगर्जीपणा सोपवलेल्या कामातला. हेळसांड मात्र त्यांची होते, ज्यांना स्वतःसाठी भांडता येत नाही: अंथरुणाला खिळलेले आईबाप, दावणीची जनावरं, ढासळत चाललेले गडाचे बुरूज. हा शब्द जपून वापर, त्यात फार दुःख आहे. गाफील म्हणायचं तर समोर कुणी टपलेलं हवं, शत्रू नाहीतर चोर. डुलकी लागलेला वॉचमन चोर आल्यावरच गाफील ठरतो.

आणि मथळ्यात 'प्रशासन उदासीन' लिहायचा मोह झाला, तर आधी कचेरीत जा. अर्ज कोणत्या तारखेला दिला, फाईल आज कुणाच्या टेबलावर पडून आहे, ते विचारून ये आणि तेवढंच लिही.