झाडाखालची उघडी जमीन फुलझाडांनी झाकावी

खेड्यातील घराचे परसू, शाळेचे आवार किंवा देवळाचा परिसर पाहिला, तर तेथे आंबा, फणस, चिंच, वड यांपैकी एखादे मोठे झाड बहुधा असतेच. त्याची सावली सर्वांना प्रिय असते. परंतु त्याच्याखालची जमीन मात्र उघडी व टणक झालेली आढळते. ती रोज झाडली जाते, गोळा झालेला पाला जाळला जातो आणि काही वर्षांनी झाडाच्या मुळ्या जमिनीबाहेर दिसू लागतात. सावलीत काही उगवत नाही, या समजुतीमुळे या जमिनीकडे कोणी लक्ष देत नाही. वस्तुतः सावलीत वाढून सुंदर फुले देणारी झाडे आपल्याकडे पूर्वापार आहेत. त्यांची निवड करताना एक गोष्ट मुख्यतः पाहावयाची असते: खालच्या झाडाचा वर्षक्रम वरच्या झाडाच्या वर्षक्रमाशी जुळला पाहिजे.

उघड्या जमिनीचे नुकसान

मोठे झाड जमिनीला पावसाच्या माऱ्यापासून वाचविते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. पानांवर पडलेले पाणी एकत्र होऊन पानांच्या टोकांवरून निथळते. असे थेंब आभाळातून पडणाऱ्या थेंबांपेक्षा पुष्कळदा मोठे असतात. झाड आठ-दहा मीटर उंच असेल, तर खाली येईपर्यंत त्यांना जवळजवळ पूर्ण वेग मिळतो. खालची जमीन उघडी असेल, तर त्यांच्या आघाताने मातीचे कण सुटतात, वरचा थर चोपून बसतो, पाणी मुरत नाही आणि सुटलेली माती वाहून जाते. जमिनीलगत पाने असतील किंवा पालापाचोळ्याचा थर असेल, तर हा आघात मातीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पावसाच्या चार महिन्यांत जमीन झाकलेली असणे सर्वांत महत्त्वाचे होय.

सावलीची पारख

लागवडीपूर्वी एक दिवस सकाळी आठ, दुपारी बारा व सायंकाळी चार वाजता जागा पाहावी. जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसत असतील, तर ती विरळ सावली समजावी. अशा जागी फुलझाडे चांगली येतात. दिवसभर एकही कवडसा पडत नसेल, तर ती दाट सावली होय. तेथे फुलांची अपेक्षा न ठेवता पाल्याचा थर राखणेच इष्ट. खालच्या काही फांद्यांची विरळणी केल्यास कवडसे पडू लागतात. चिनी गुलाब व सदाफुली ही उन्हाची झाडे आहेत. सावलीत ती उंच व किडकिडीत होतात आणि फुले फार कमी देतात.

आंब्याखाली भुईचाफा व तेरडा

आंब्याला मोहर येण्यापूर्वी जमिनीत काही काळ ताण असावा लागतो. त्या काळात झाडाखाली पाणी देत राहिल्यास मोहराऐवजी पालवी फुटण्याचा संभव असतो. म्हणून हिवाळ्यात पाणी मागणारे फुलझाड फळणाऱ्या आंब्याखाली लावू नये.

भुईचाफ्याचा वर्षक्रम आंब्याला अनुरूप आहे. त्याचे कंद हिवाळ्यात जमिनीत झोपी जातात व त्यांना पाणी लागत नाही. उन्हाळ्यात पाने येण्यापूर्वीच पांढरी-जांभळी सुवासिक फुले थेट जमिनीतून वर येतात. त्यानंतर पावसाबरोबर रुंद पाने फुटतात व ती पावसाळाभर जमीन झाकून ठेवतात. हिवाळ्याच्या सुमारास पाने वाळली की ती तेथेच राहू द्यावीत.

तेरडा हे एका हंगामाचे झाड आहे. पावसास आरंभ झाल्यावर त्याचे बी मोकळ्या केलेल्या मातीवर विसकटावे व त्यावर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. रोपे दाट झाल्यास सुमारे ३० सेंटिमीटर अंतर राखून विरळणी करावी. कोकणात अनेक घरी तेरड्याच्या रोपांची गौर मांडतात. त्यामुळे हे झाड घरातील स्त्रियांच्या चांगल्या परिचयाचे असते. पिकलेली बोंडे हात लागताच फुटतात व बी आपोआप पसरते. पुढील वर्षी निराळी पेरणी सहसा करावी लागत नाही.

ओलिताच्या सावलीत अबोली

नारळ-सुपारीच्या बागेत व परसात, जेथे बारमाही पाणी दिले जाते, तेथे विरळ सावलीत अबोली लावावी. ती जमिनीवर पसरत नाही. परंतु ३० ते ४५ सेंटिमीटर अंतरावर लावल्यास झुडपे एकमेकांना भिडून जमीन झाकतात. वेणी-गजऱ्यासाठी फुलांना मागणी असल्याने घरखर्चाला थोडा हातभारही लागतो. बियांपासून किंवा फाट्यांपासून रोपे करता येतात. ज्या जातींना बी धरत नाही, त्यांची लागवड फाट्यांपासूनच करावी. सूत्रकृमींचा उपद्रव हा या पिकाचा मोठा शत्रू आहे. झाड पिवळे पडून खुरटले, तर ते उपटून मुळे पाहावीत. मुळांवर गाठी दिसल्यास त्या वाफ्यातील रोपे दुसरीकडे नेऊ नयेत.

लागवडीची रीत

मोठ्या झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या थरातच असतात. म्हणून कुदळीने जमीन खणू नये. खुरप्याने लहान खड्डे करून प्रत्येकात ओंजळभर कुजलेले शेणखत घालावे. भुईचाफ्याचे डोळे असलेले कंदाचे तुकडे पहिल्या चांगल्या पावसानंतर २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर, पाच सेंटिमीटर खोल लावावेत. मधल्या जागेत पालापाचोळा पसरावा. बुंध्याभोवती सुमारे अर्धा मीटर जागा मोकळी ठेवावी; बुंध्याला माती किंवा ओला पाला टेकल्यास साल कुजण्याचे भय असते. कंद शेजाऱ्यांकडून किंवा रोपवाटिकेतून आणावेत. जंगलातून उपटून आणू नयेत.

काय टाळावे

पिवळ्या फुलांची वेडेलिया लवकर पसरते म्हणून अनेक ठिकाणी लावली जाते. ती प्रत्येक पेऱ्यावर मुळे धरते व तुटलेल्या तुकड्यापासूनही वाढते. जगातील १०० सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत तिचा समावेश झालेला आहे. ओढा, पाट व शेताचा बांध यांजवळ ती मुळीच लावू नये. घाणेरीही १९ व्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणूनच भारतात आणली गेली. आज तिने माळराने व जंगले व्यापली आहेत.

दाट पाल्यात सापाला आसरा मिळतो, ही भीती रास्त आहे. म्हणून उंबरठा, पायवाट, मोरी व मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून किमान एक मीटर पट्टा झाडून स्वच्छ ठेवावा. बाकीच्या जागेत पाला जाळू नये.

गावात दाखविण्याजोगे प्रात्यक्षिक

ग्रामसेवकाने किंवा कृषी सहायकाने शाळेच्या आवारातील सारख्या उंचीची व सारख्या उताराची दोन झाडे निवडावीत. एकाखाली वर सांगितल्याप्रमाणे लागवड करावी. दुसऱ्याखालची जमीन नेहमीप्रमाणे राहू द्यावी. पावसापूर्वी दोन्ही झाडांखाली चार-चार खुंट्या जमिनीच्या पातळीपर्यंत ठोकून ठेवाव्यात. पाऊस संपल्यावर प्रत्येक खुंटी किती उघडी पडली, हे विद्यार्थ्यांकडून पट्टीने मोजवून फळ्यावर लिहावे. पहिल्या वर्षी कंद लहान असल्याने फरक कमी दिसेल. म्हणून मोजणी निदान तीन वर्षे चालू ठेवावी. आपल्या झाडाखालून किती माती जाते, हे गावकऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले म्हणजे पाला न जाळण्याचे महत्त्व त्यांना निराळे पटवून द्यावे लागणार नाही. तिसऱ्या पावसाळ्याच्या आरंभी वाढलेले कंद खणून वाटल्यास, गावातील इतर घरांना विनाखर्च लागवड करता येईल.