लसणाचे बेणे ढिगातून नको, उभ्या पिकातून निवडा

परतीचा पाऊस उघडून जमिनीला वाफसा आला, की लसणाच्या लागवडीची घाई सुरू होते. आपल्याकडे ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा खरा हंगाम. घाईत बेणे कुठून आणायचे हा प्रश्न येतो आणि बहुतेक जण बाजारातल्या ढिगातून मोठे गड्डे वेचून आणतात. मोठा गड्डा, मोठे पीक, असा साधा हिशेब. तो निम्माच बरोबर आहे.

लसणाला आपल्याकडे बी धरत नाही, पाकळीच लावावी लागते. त्यामुळे एका वाणाची सगळी रोपे वंशाने जवळजवळ एकच असतात. त्याच शेतातला एखादा गड्डा दुप्पट भरला, तर तो बहुधा बांधाकडेला होता, शेजारच्या नांग्यांमुळे त्याला मोकळी जागा मिळाली, नाहीतर तिथे शेणखत जास्त पडले होते. हे गुण पाकळीतून पुढच्या वर्षी येत नाहीत. पाकळीतून येतात ते विषाणू. पिवळे पट्टे पडलेल्या, मुरडलेल्या पातीच्या झाडाचे बेणे ठेवले तर रोग वर्षानुवर्षे साचत जातो, आणि मग ‘वाण थकला’ अशी तक्रार ऐकू येते.

वाणांची पारख करताना पैदासकार झाडाची उंची, पानांची संख्या, गड्ड्याचा व्यास, पाकळीचे वजन अशी मापे घेतात आणि कशाचे उत्पादनाशी किती घट्ट नाते आहे ते तपासतात. गड्ड्याचे वजन आणि व्यास सहसा वर येतात, पण त्यात नवल काय? ते म्हणजे जवळजवळ उत्पादनच. आपल्या कामाची लक्षणे त्याआधी दिसणारी: उंची आणि पाने. दिवस मोठा होऊन ऊब वाढू लागली, की झाड गड्डा धरते आणि नवी पात थांबते. तोवर जेवढी पाने आली, तेवढ्यांच्याच जिवावर गड्डा पोसायचा. उशिरा लावलेला लसूण बारीक राहतो तो यामुळे. नंतर खताचा मारा करून ही तूट भरत नाही. उलट उशिरा दिलेल्या नत्रामुळे मान जाड व हिरवी राहते आणि कधी शेतातच पाकळ्यांना कोंब फुटतात. म्हणून नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर ४५ दिवसांच्या आत द्यावा.

पाकळ्यांच्या संख्येला मात्र भुलू नका. पाकळ्या वाढल्या की बहुधा त्या बारीक होतात. सोलणाऱ्यालाही नकोशा आणि बेण्यालाही. याच्या उलट मोह डोंगरी लसणाचा. मोजक्या, टपोऱ्या पाकळ्या पाहून तो लावावासा वाटतो, पण हिमाचल, उत्तराखंडकडच्या त्या वाणांना मोठा दिवस लागतो. इथे नुसती पात वाढते. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे भीमा ओंकार, भीमा पर्पल किंवा राहुरी कृषी विद्यापीठाचे गोदावरी, श्वेता यांतून निवड करावी.

लागवडीला गड्ड्याच्या बाहेरच्या कडेच्या भरदार पाकळ्या घ्याव्यात; आतल्या काडीसारख्या पाकळ्या घरी खायला ठेवा. भरदार पाकळीचे रोप सुरुवातीलाच जोमदार निघते आणि लवकर पाने काढते. १५ × १० सेंटीमीटर अंतरावर एका चौरस मीटरमध्ये सुमारे ६६ रोपे बसतात. गड्डा सरासरी २० ग्रॅमचा धरला तर सव्वा किलोच्या वर लसूण होतो. दहात एक नांगा पडला की तेवढाच दहावा हिस्सा गेला. तेव्हा नांगे लगेच भरा. पाकळीचे टोक वर ठेवून लावा, पालथी पाकळी उगवायला झगडते.

पुढच्या वर्षीच्या बेण्याची निवड काढणीला नव्हे, साधारण दोन महिन्यांच्या पिकात करायची. बांधाकडच्या दोन-तीन ओळी आणि नांग्यांजवळची झाडे सोडा. वाफ्याच्या मध्यात, शेजारी भरलेले असतानाही उंच, पाने जास्त आणि पातीवर पट्टे नसलेली झाडे शोधा व शेजारी काडी खोचून ठेवा. पट्टेवाली झाडे दिसतील तशी उपटा. फुलकिड्यांवरही नजर हवी. त्यांनी पात खरवडली की पानांची संख्या पुरेशी असूनही गड्डा पोसत नाही.

पात पिवळी पडून लवू लागण्याच्या सुमारास, काढणीआधी १५ ते २० दिवस पाणी तोडा. खुणेच्या झाडांची जुडी वेगळी बांधून हवेशीर सावलीत टांगा. पुढच्या हंगामात एक वाफा या बेण्याचा आणि एक ढिगातल्या बेण्याचा शेजारी-शेजारी लावा, आणि दोन्हींचे वजन वेगवेगळे करा.