तळ्याकाठी तंबू ठोकण्याआधी
नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी, आधी आलेल्यांकडून

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या तालुक्यांतून येऊन टोरोंटोच्या आसपास स्थिरावलेल्या घरांकडून हा मजकूर गोळा केला आहे. दर वर्षी नवी जोडपी येतात. पहिला उन्हाळा लागला की कामावरची मंडळी कॅम्पिंगला कुठे जाणार असं विचारू लागतात. गावाकडून आईवडील आलेले असतात, लेकरांना सुट्ट्या असतात, आणि पाइनच्या जंगलातल्या तळ्याचे फोटो बघून घाईघाईत कुठली तरी जागा धरली जाते. तळं कुठलंही असो, त्या तळ्यावरची तुमची जागा कुठली, यावर सगळं ठरतं. या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. बाकी ज्याला जे ठाऊक त्याने ते लिहिलं. तंबू आणि स्लीपिंग बॅग कुठली घ्यावी यावर कुणीच लिहून दिलं नाही. पहिल्या खेपेला ओळखीतल्या कुणाकडून मागून न्या.

आरक्षण
(मूळ वसमत, आता मिसिसागा)

ऑन्टॅरिओच्या प्रांतिक उद्यानांतलं आरक्षण मुक्कामाच्या तारखेआधी 5 महिने, सकाळी 7 वाजता उघडतं. 1 ऑगस्टला जायचं तर 1 मार्चला सकाळी 7 ला बसायचं. खातं आदल्या आठवड्यातच काढा. कार्डाची माहिती भरून ठेवा. तीन-चार जागांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा. पहिली गेली तर लगेच दुसरी.

जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार काही मिनिटांत संपतात. रविवार ते गुरुवार बघा, निम्मी धावपळ वाचते. व्हिक्टोरिया डे, कॅनडा डे, ऑगस्टचा पहिला सोमवार, लेबर डे या लांब सुट्ट्या पहिल्या खेपेला टाळाच. जागा मिळाली नाही तरी नाद सोडू नका, लोक आरक्षण रद्द करतात. मुक्कामाआधीच्या दोन आठवड्यांत रोज बघत राहा.

एका जागेसोबत एकाच गाडीचा परवाना येतो. दुसऱ्या गाडीचा वेगळा घ्यावा लागतो. परवाना काचेमागे दिसेल असा ठेवा. जागा दुपारी 2 ला मिळते आणि 2 लाच सोडायची असते. रात्री 10 ते सकाळी 7 शांतता. जळण घरून नेऊ नका. ॲशच्या झाडांना लागलेली कीड लाकडातून पसरते, म्हणून जिथे जाळायचं तिथलंच विकत घ्या. उन्हाळ्यात कोरड पडली की शेकोटीवर बंदी येते. निघायच्या दिवशी सकाळी ते तपासा आणि गॅसची शेगडी सोबत असू द्या.

जागा कशी ओळखावी
(मूळ कळमनुरी तालुका, आता ब्रॅम्प्टन)

आमचं शेत इसापूर धरणाच्या पाण्यालगत. धरणाचं पाणी हळूहळू खोल होत जातं, काठाला गाळ असतो, उन्हाळ्यात पाणी मागं सरतं. ती सवय इथं उपयोगाची नाही. इथली तळी हिमनद्यांनी कोरलेल्या खडकात आहेत. काठावरनं चार पावलं गेलं की पायाखालचा तळ सुटतो अशा जागा पुष्कळ. म्हणून नकाशावर दोन गोष्टी आधी बघा: पोहण्याची आखलेली जागा कुठं आहे आणि आपल्या तंबूपासनं ती किती लांब आहे. तिथं तरंगत्या बोयांची रांग असते. जीवरक्षक मात्र नसतो. लेकरांना लाइफ जॅकेट घालूनच पाण्यात उतरवा. बऱ्याच उद्यानांत ती उसनी मिळतात. अल्गॉन्क्विन उद्यानातल्या तळ्यांवरचं बर्फ एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला फुटतं. मे महिन्यात ऊन कितीही कडक पडो, पाण्यानं अंग गारठतं आणि पोहणाराही दमतो.

आता जमीन. आपल्या काळ्या मातीत पाऊस पडला की दोन दिवस पाय निघत नाही. पाइन बहुतेक वाळूवर नाहीतर खडकावरच्या पातळ मातीवर वाढतो. वाळूत पाणी जिरतं, वर सुयांचा थर असतो, तंबूखाली मऊ लागतं. ही पाइनच्या जागेची खरी सोय. पण जागेचा मधला भाग खोलगट असेल तर तिथं तंबू लावू नका; पावसाचं पाणी वाळूतही आधी तिथंच गोळा होतं. पाइनची मुळं उथळ असतात आणि वर आलेली असतात. तंबू अंथरायच्या आधी अनवाणी पायानं सगळी जागा चाचपून बघा. मग मान वर करा. वाळलेलं झाड किंवा अर्धवट मोडून अडकलेली फांदी डोक्यावर असेल तर ती जागा सोडून तंबू दुसरीकडं लावा. वारा सुटल्यावर ते बघायला वेळ नसतो.

पाइनचं जंगल वर दाट आणि खाली मोकळं असतं. खोडं उंच, खालच्या फांद्या गळालेल्या. सावली मिळते, आडोसा मिळत नाही. शेजारच्या जागेवरचा माणूस सकाळी दात घासताना दिसतो. मेपल आणि हेमलॉक मिसळलेलं रान असेल तर मध्ये झुडपांचा पडदा राहतो. सून आणि सासरे एका तंबूच्या अंतरावर राहणार असतील तर हा फरक मोठा आहे. आरक्षणाच्या नकाशावर जागेवर बोट ठेवलं की खासगीपणा कितपत, सावली कितपत ते लिहिलेलं असतं आणि बहुतेक जागांचा फोटोही दिसतो. फोटो नीट बघा. झुडपं दिसतात का, जमीन उताराची आहे का, शेकोटीचं कडं तंबूच्या जागेपासनं किती लांब आहे, एवढं त्यात कळतं.

वारा इथं बहुधा पश्चिमेकडनं येतो. तळ्याच्या पूर्व काठावर बसलात तर सूर्यास्त समोर मिळतो, वाऱ्यानं डास कमी होतात, पण लाटा येतात आणि शेगडी पेटत राहत नाही. तान्हं लेकरू असेल तर पाण्याला लागून जागा घेऊच नका, आतली घ्या. आमच्या घरात यावर वाद होता. बायकोचं म्हणणं तळं दिसलं पाहिजे, माझं म्हणणं लेकरू दिसलं पाहिजे. आतली जागा घेतली तरी पाणी पाच मिनिटांवर असतं.

शौचालयाचे दोन प्रकार असतात. एक पाण्याचं, त्यात बहुधा अंघोळीची सोयही असते. दुसरं खड्ड्याचं. आईवडील सोबत असतील तर पाण्याच्या शौचालयापासनं दोन-तीन जागा सोडून जागा घ्या. अगदी लागून घेतलीत तर रात्रभर दिवा डोळ्यांवर आणि दाराचा आवाज कानावर. दूर घेतलीत तर वडिलांना रात्री दोनदा उठून अंधारात मुळांवरून चालावं लागतं. ऑगस्टमध्येही रात्री पारा 10 अंशांवर येतो. त्यांच्यासाठी कानटोपी आणि जाड गोधडी न्या.

महिना निवडताना किडे धरून निवडा. मेच्या मध्यापासून जूनभर काळ्या माश्या असतात. त्या वाहत्या पाण्यात वाढतात, दिवसा चावतात आणि केसांच्या कडेला, कानामागं रक्त काढतात. गडद कपड्यांवर जास्त येतात, फिके घाला. डास जुलैपर्यंत असतात आणि तिन्हीसांजेला वाढतात. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबर हा माझ्या मते सगळ्यांत चांगला काळ. डीट असलेलं औषध लावायचं तर 2 ते 12 वर्षांच्या मुलांना 10 टक्क्यांपर्यंतचंच, मोठ्यांना 30 पर्यंत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लावायचंच नाही, जाळी वापरा.

पाइनचा चीक हाताला, तंबूला लागतो. साबणानं निघत नाही. हाताला खोबरेल तेल चोळा, मग साबण लावा.

कुठलं तळं
(दोन-तीन घरांनी मिळून)

पहिल्या खेपेला अल्गॉन्क्विनमधलं लेक ऑफ टू रिव्हर्स. 1893 साली स्थापन झालेल्या या उद्यानातून 60 क्रमांकाचा महामार्ग जातो आणि हा मुक्कामाचा तळ त्यालाच लागून आहे. जवळ दुकान आहे, वाळूचा काठ आहे, गर्दीही आहे. थोडं निवांत हवं तर पलीकडचं पॉग लेक, तिथे पाइन चांगले. थंडीत यायचं तर म्यू लेक वर्षभर उघडं असतं आणि तिथे राहायला यर्ट, म्हणजे गोल तंबूघरंही मिळतात. बरीच घरं मिळून जाणार असाल तर व्हाइटफिश लेकचा समूहतळ बघा.

वाऱ्याने एका अंगाला झुकलेले पाइन बघायचे असतील तर पॅरी साउंडजवळचं किलबेअर. तिथे मॅसासॉगा जातीचा विषारी साप आढळतो. आपल्याकडे साप दिसला की काठी शोधतात. इथे त्याला कायद्याचं संरक्षण आहे. थांबा, मागे सरका, कर्मचाऱ्यांना सांगा. नागपंचमीला आपण वारुळाला दूध वाहतो, लेकरांना तेच आठवून द्या. बॉन एको पूर्वेकडे आहे. मॅझिनॉ तळ्यातून सरळ उभा राहिलेला सुमारे 100 मीटरचा कडा आणि त्यावर आदिवासींनी लाल रंगात काढलेली 260 हून अधिक चित्रं आहेत, ती नावेतून बघायची.

एकच कुटुंब
(मूळ हिंगोली शहर, आता स्कारबरो)

मला मनस्ताप झाला तो सांगते. ठिकाणाचं नाव देत नाही. आम्ही, माझे दीर-जाऊ, सासू-सासरे आणि चार मुलं असे दहा जण. तिथला नियम असा होता की एका जागेवर 6 माणसं, एकच कुटुंब असेल तर जास्त चालतील. आम्ही एकच कुटुंब आहोत! एका चुलीवर जेवलेली माणसं आहोत. दारावरच्या मुलीने विचारलं, पत्ता एक आहे का? आडनाव एक होतं, पत्ते दोन. जावेच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव. सासऱ्यांचं नाव व्हिसावर एका प्रकारे, पासपोर्टवर दुसऱ्या. तिने प्रत्येकाचं ओळखपत्र मागितलं, मग कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक दिला. त्या दारावर फोनला रेंज नव्हती. सासूबाई 74 वर्षांच्या, चार तास गाडीत बसून आलेल्या, पाय सुजलेले. दीड तास त्या गाडीतच बसून होत्या. शेवटी निम्म्यांनी 40 किलोमीटर मागे जाऊन मोटेलमध्ये रात्र काढली. पैसे परत मिळावेत म्हणून लिहिलेल्या प्रत्येक पत्राला तेच ठरावीक उत्तर आलं आणि दर वेळी नवा अर्ज भरायला सांगितला. दिवाळी आली तेव्हा मी नाद सोडला.

म्हणून सांगते. भाऊ-भाऊ असाल तरी दोन कुटुंबं म्हणून दोन जागा घ्या, शेजारशेजारच्या. प्रत्येक आरक्षण तिथे हजर राहणाऱ्या माणसाच्याच नावाने करा. पाहुण्यांच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत गाडीत ठेवा. आरक्षणाचा कागद छापून न्या. फोनमध्ये आहे म्हणून चालत नाही, कारण रेंज जाते. आपलं घर कितीही मोठं असो, त्यांच्या अर्जात ते बसत नाही. मला आजही वाईट वाटतं ते सासूबाईंच्या पायांचं.

स्वयंपाक आणि अस्वल
(मूळ सेनगाव, आता ओकव्हिल)

काळं अस्वल वासावर येतं. तंबूत खाण्याचा कणही ठेवायचा नाही. दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, तुपाचा डबा, लोणच्याची बरणी सगळं गाडीत, काचा बंद. एवढं सगळेच सांगतात. आपल्या बायकांनी आणखी लक्षात ठेवावं: केसाचं तेल, उटणं, टूथपेस्ट, उदबत्तीचा पुडा आणि बाळाची गुटीसुद्धा गाडीतच. फोडणी तंबूपासून लांब द्या आणि ज्या कपड्यांत स्वयंपाक केला ते घालून झोपू नका.

पिठलं-भाकरी शेगडीवर होते, तवा जाड न्या. शेकोटीच्या निखाऱ्यावर वांगी आणि मक्याची कणसं भाजा. हुरड्याची आठवण येईलच. भांडी तळ्यात धुवायची नाहीत, साबण लावून तळ्यात अंघोळही करायची नाही. खरकटं पाणी नळाखाली न ओतता नेमून दिलेल्या ठिकाणीच टाका.

मुलांचं मराठी
(मूळ औंढा, आता मार्कहॅम, घरातले ज्येष्ठ)

तळ्यावर फोन चालत नाही, याबद्दल तक्रार करू नका. घरी नातू आणि आजी एका खोलीत बसून दोन पडदे बघतात. इथे दोघांना अंधार वाटून घ्यावा लागतो, आणि अंधारात गोष्टच सांगावी लागते. औंढ्याच्या देवळात नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची गोष्ट मी नातवंडांना तळ्यावरच सांगितली. घरी त्यांनी ती पाच मिनिटं ऐकली नसती. दिवेलागणीला शुभंकरोती म्हणा, कंदील तर लावलेलाच असतो. नरसी गाव कुठे, कयाधू नदी कुठे, हे वाळूवर काठीने काढून दाखवा.

पण स्पीकर आणू नका. दुसऱ्याच्या कानावर आपली संस्कृती आदळून ती टिकत नाही. टाळ हातात घेऊन हळू भजन म्हणा, शेजारी आपोआप येऊन उभे राहतात. गणपतीचं विसर्जन उद्यानाच्या तळ्यात करायचं नाही. घरी बादलीत करा. हिंगोलीचा दसरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ऑक्टोबरमध्ये घर खायला उठतं. दसरा लवकर आला तर मेपल रंगलेले असतात, तेव्हा जरूर या. 2025 ला दसरा 2 ऑक्टोबरला होता, रान पेटल्यासारखं दिसत होतं. मात्र पानं तोडायची किंवा घरी न्यायची परवानगी नाही. खाली पडलेलं पान आपट्याचं म्हणून एकमेकांच्या हातात द्या, पाया पडा आणि तिथेच ठेवा. लेकरांना सोनं दिल्याचा आनंद तेवढ्याने होतो. मराठी घरात बोला, तळ्यावर बोला, गाडीत बोला. शाळा ते शिकवणार नाही, ते आपलं काम आहे.

आजारपण आणि परतीचा रस्ता
(संकलनकर्त्यांची भर)

गावाकडून आलेल्या आईवडिलांचा प्रवासी विमा चालू असल्याशिवाय त्यांना जंगलात नेऊ नका; रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्या. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड लागली आहे का ते बघा.

निघताना शेकोटीवर पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता. हाताला गार लागेपर्यंत. पाइनच्या सुयांखाली धग राहते. 60 क्रमांकाच्या रस्त्यावर मूस येतात, विशेषतः मे-जूनमध्ये, कारण हिवाळ्यात टाकलेलं मीठ कडेच्या चरांमधल्या पाण्यात उतरलेलं असतं. अंधार पडायच्या आत हंट्सव्हिल गाठा. पेट्रोल आणि दूध तिथेच घ्या.